पाळण्यातली रिकामी जागा

आई,

"ह्यां भायर म्हणू नको गो." पापडाचं पीठ कुटता कुटता तू एवढंच म्हणाली होतीस. मी नऊ वर्षांची, लाट्या करून देत होते आणि तुझ्यामागून तो पाळणा गुणगुणत होते. "नाही म्हणणार," मी म्हणाले. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या खोलीत तू दिवसभर लोकांचे पापड लाटायचीस. इतर गाणी शेजारणींना बोलावून माझ्याकडून म्हणवून घ्यायचीस. हा पाळणा मात्र घरातच. माझा भाऊ अकराव्या दिवशी गेला, बारसं राहिलंच. पाळणा तू त्याच्यासाठी रचला होतास. नावाची ओळ आली की तू ओठ मिटून नुसता हुंकार द्यायचीस, आणि तेवढ्यापुरतं लाटणं थांबायचं.

मग अंधेरीचा तो स्टुडिओ, लोकगीतांच्या स्पर्धेची शेवटची फेरी. मुख्य परीक्षकांना नुकतीच नात झालेली. हुंकाराच्या जागी मी तिचं नाव घातलं. ते रडले, लोक उभे राहिले, मी जिंकले. घरी येते तर तू मेथी निवडतेयस, टीव्ही बंद. "बरां गायलंस," म्हणालीस, आणि मान वर न करता, "जागा कित्याक भरलंस?" मी म्हणाले, "अगं, लोकांना आवडलं ना!" त्यानंतर तुझ्या तोंडून तो पाळणा मी कधी ऐकला नाही.

आता तो बारशाबारशाला वाजतो, खाली ढोलकी घालून. मला बोलावतात तेही त्याच्यासाठीच. गाणं सुरू व्हायच्या आधीच बाळांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या स्टेजवर येतात. परवा मुलुंडला मी ठरवून जागा मोकळी ठेवली, तुझ्यासारखा हुंकार दिला. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, विसरलात काय? नाव घ्या ना!" सगळे हसले. पुढे एक बाई लेकराला छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. मीही हसले आणि चिठ्ठी उघडली. काय करणार होते?

तुला जाऊन बारा वर्षं झाली. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहवतं तरी. घरी एकटी गाते तेव्हाही हुंकार येत नाही आता, कुणाचं तरी नाव तोंडात येतंच. म्हणून मागते. त्याचं नाव तू काय ठरवलं होतंस, तेवढं मला सांग. बाहेर घेणार नाही. तू सांगायची नाहीस, ठाऊक आहे मला. तेव्हाही मी असंच म्हणाले होते.