कॉर्डेल मॅपचे डावे बोट

वेस्ट फिलाडेल्फिया,
१ जून

प्रिय अर्नेस्टीन लव्हिनिया पेटीफोर्ड,

पूर्ण नावाने हाक मारली की तू कमरेवर हात ठेवून, आता काय चुकलं, असे विचारायचीस. या वेळी चूक माझी आहे, आणि ती क्रमवार सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

तू गेलीस त्याला तीन महिने झाले. तुझ्या कपडे दुरुस्तीच्या दुकानाचा भाडेकरार मेअखेरपर्यंत होता, तरी एप्रिलच्या मध्यालाच ते मोकळे करायचे असे मी ठरवले होते. कामे मुदतीआधी संपवावीत, हे मी मुलांना भूमितीच्या जोडीने जन्मभर शिकवले. शिवणयंत्र चर्चला दिले. राहिलेल्या पँटी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. कंबर अठ्ठेचाळीसच्या एका जांभळ्या पँटीवर मात्र अद्याप कुणीही हक्क सांगितलेला नाही. एका शनिवारी दुपारी भिंतीवरचा टीव्ही उतरवण्यासाठी मी शिडीवर चढलो असताना, निवृत्त बसचालक लेम्युएल क्रेनशॉ काखेत घडीची खुर्ची आणि हातात खारट प्रेत्झेल बिस्किटांची पिशवी घेऊन आत आला. त्या दिवशी बास्केटबॉलच्या प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधला, आपल्या संघाचा पहिला सामना होता. दुकान बंद झाले आहे, असे मी त्याला सभ्यपणे सांगितले. खुर्ची उघडून तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही खुशाल शिडीवर थांबा. फक्त पडद्यासमोरून जरा सरका."

दुकानात मंडळी जमवून सामने पाहायच्या तुझ्या या बैठकांना मी कधी आलो नाही. बावीस वर्षे दर प्लेऑफला तू दारात कोट चढवताना, येतोस का, असे विचारायचीस आणि मी उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत असे सांगायचो. निवृत्तीनंतरची पाच वर्षेही मी तेच सांगत राहिलो, आणि कुणाच्या उत्तरपत्रिका, हे तू एकदाही विचारले नाहीस.

तर लेम्युएल प्रेत्झेल खात, कुणीही न विचारता म्हणाला की या शहराला कॉर्डेल मॅपसारखा खेळाडू लाभला नाही आणि लाभणार नाही. बास्केटबॉलमधले मला फार कळत नसले तरी मॅप कोण, हे या शहरात पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी, मालिकेच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, सहा सेकंद उरलेले आणि आपण एका गुणाने मागे असताना त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. आडवा येणारा कुणी नाही, समोर फक्त बास्केट, आणि त्याने दोन्ही घालवले. मी शिडीवरून खाली उतरलो. चुकीचे विधान खोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हा माझा दोष तू जाणतेस.

"त्याचं बोट निखळलं होतं, मास्तर," लेम्युएल म्हणाला. "निखळलेल्या बोटाने तुम्ही फळ्यावर वर्तुळ तरी काढाल का?"

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे काढली. बोट डाव्या हाताचे होते आणि मॅप उजव्या हाताने नेम धरत असे. पुढच्या सामन्याला तुझी नेहमीची मंडळी जमली, तेव्हा ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली. ती शांतपणे ऐकून लेम्युएल म्हणाला की दुखतं डावीकडे, पण माणूस तर एकच असतो ना. मी पुन्हा ग्रंथालयात गेलो. असे करता करता पहिली फेरी झाली, दुसरी सुरू झाली. तिसऱ्या सामन्यात मी कापड बेतायच्या टेबलाच्या कडेवर, म्हणजे ते तुझी जागा म्हणतात तिथे, बसून पंचाला आंधळा म्हणालो. सहाव्यात मी उभा राहिलो. हे सर्व मी तुझ्याच दुकानात, तुझ्या लाडक्या मॅपविरुद्ध बोलत होतो, याची मला लाज वाटत होती. पण मुद्दा माझा बरोबर होता.

दुसऱ्या फेरीचा सातवा सामना आपण चार गुणांनी हरलो. सगळे पाय ओढत निघून गेले. चर्चमधली तुझी मैत्रीण जुआनिता बॉस्टिक खुर्च्या मिटायला मागे थांबली होती. ती म्हणाली, "थॅडियसभाऊ, लेम्युएलला मॅपचं तोंडसुद्धा बघवत नाही. तो बोलतो ती सगळी वाक्यं अर्नेस्टीनची आहेत."

मग तिने सांगितले. सहा वर्षांपूर्वी लेम्युएलची बायको रोझेटा गेली आणि त्याने घराबाहेर पडणे सोडले. जेवणाचे डबे दाराशी तसेच राहत. तेव्हा तू एका सकाळी त्याच्या पायऱ्यांवर जाऊन बंद दाराला ऐकवलेस की मॅपचा काहीएक दोष नव्हता. संध्याकाळी तो दाढी करून तुला खोटे पाडायला दुकानात आला, आणि मग येतच राहिला. तू मॅपचा पक्ष शेवटपर्यंत सोडला नाहीस. जुआनिताच्या म्हणण्याप्रमाणे अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सामन्यात मॅपला सर्वांत जास्त शिव्या तूच दिल्या होत्यास आणि इस्त्रीच्या बाटलीतले पाणी त्याच्या तोंडावर, अर्थात टीव्हीवर, फवारले होतेस.

सहा वर्षे तू धडधडीत खोटे बोललीस, अर्नेस्टीन, आणि तेही काटेकोर माणसाची बायको असून. तेच खोटे आता लेम्युएल माझ्यासाठी बोलतो, हे मला कळले आहे, असे मी त्याला जाणवू दिलेले नाही. परवा त्याच्या दारी जाऊन सांगितले की मला नवा पुरावा मिळाला आहे, आणि अंतिम फेरी, आपला संघ नसला तरी, आता माझ्या बैठकीच्या खोलीत पाहिली जाईल. त्याने विचारले, क्रीम रंगाच्या सोफ्यावर खाता येईल का. मी होय म्हणालो. तू असतीस तर बेशुद्ध पडली असतीस.

हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की मी आलो होतो हे तुला कुणीतरी सांगायला हवे. मला खेळातले कळत नाही हे तुझ्या माणसांसमोर उघडे पडेल, या भीतीने मी बावीस वर्षे घरी बसलो. उघडे पडलेच, कुणालाही त्याचे काही वाटले नाही. टेबलाच्या त्या कडेवर दोघांपुरती जागा आहे, हे मी मोजून पाहिले.

काल, ३१ मे रोजी दुपारी साडेतीन वाजता दुकानाचे दार कुलूपबंद केले, दोनदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या घरमालकाच्या हाती परत दिल्या.

तुझाच, उशिरा आलेला,
थॅडियस