साखर मेली नाही

सुरत, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१

अमळनेरहून शेजारचे नाना आले. म्हणे, आबांनी, माझ्या बापाने, शुगरची गोळीच सोडली. सातपुड्यातला गुडमारचा पाला चावतात. "मंग चहाबी गोड लागत नही. साखर मरी गयी!"

नानांनी आणलेला पाला मीही चावला, वर चमचाभर साखर खाल्ली. खरंच, नुसती वाळू! पण पोटात तर साखरच गेली ना? मेली ती जीभ. पाल्यात गुण असेलही, पण नानाच सांगतात, आबांच्या पायाची जखम महिनाभर ओलीच आहे.

हे बोललो तर नाना हसले, "सातवी नापास, तू डाक्टर व्हयना का?"

नाही झालो. तरी उद्याच्या गाडीने निघतो. मुकादम रजा देणार नाही, न देवो. आबा शिव्या देतील, देवोत. दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेणारच.