भाऊजींच्या सॅक्सोफोनची झिलई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आम्ही इथे मजेत आहोत. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? डोळ्यांचे थेंब दोन्ही वेळा घालतेस की एकदाच घालून दोनदा घातले म्हणून सांगतेस? भाऊजी सुखरूप पोचले असतीलच. बारा दिवस ते आमच्याकडे राहिले, घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. त्यांच्यासारख्या जाणकाराचा सहवास आमच्यासारख्या साध्या कारागिराला वरचेवर घडत नाही. ते गेल्यापासून दुकानात मन लागत नाही. त्यांची प्रकृती, भूक आणि आवाज उत्तम आहेत.

(पहिलं पान इथे संपलं. ते भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव, मुद्दाम त्यासाठीच लिहिलंय. पुढची पानं स्वयंपाकघरात जाऊन एकटीने वाच.)

ताई, बारा दिवस! मी एकतीस वर्षं फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करतोय. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्याशी हरतऱ्हेचे वाद घातले, एकाने तर क्लॅरिनेटने माझ्या डोक्यात टपली मारली. पण गिऱ्हाईक सहा वाजता आपापल्या घरी जातं. भाऊजी घरीच होते. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक दार, अशी आमची रचना तू पाहिलीच आहेस. ते दार मी बारा दिवसांत एकदाही नीट बंद करू शकलो नाही, कारण प्रत्येक वेळी त्यात भाऊजींचा पाय असायचा आणि तोंडात एक नवा मुद्दा.

त्या रविवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात आधी सॅक्सोफोनची पेटी, तिच्यामागे भाऊजी. आधी कळवलं असतं तर, असं मी म्हणायला गेलो, तर म्हणाले, ‘‘कळवलं असतं तर तू कुठेतरी गेला असतास.’’ (खरं आहे.) चहा व्हायच्या आत त्यांनी पेटी जेवणाच्या टेबलावर उघडली आणि हुकूम सोडला, की या बाजावरची सगळी सोनेरी झिलई उतरव, नुसतं उघडं पितळ ठेव. का? तर त्या झिलईमुळे आवाज कोंडतो. खालचे सूर घुसमटतात. हे त्यांना कुणी सांगितलं, तर प्रोफेसरने. हा प्रोफेसर म्हणजे त्यांच्या त्या निवृत्त लोकांच्या बँडमधला ट्रम्पेटवाला. जन्मभर पाण्याचे मीटर वाचले त्याने, कुणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नाही. पण तो म्हणाला की ‘पितळाला श्वास घेता आला पाहिजे’, आणि भाऊजींना ते पटलं. तुझ्याशी लग्न करण्याआधी सहा महिने विचार करणारा हा माणूस, प्रोफेसरचं एक वाक्य ऐकून चार तास प्रवास करून माझ्या दारात उभा!

मी नीट समजावलं. आवाज काढते ती आतली हवा, पितळ तिला फक्त वाट करून देतं. झिलई म्हणजे केसाहूनही पातळ थर. फुंकल्यावर थरथरते ती वेताची पत्ती बदला, तोंडात धरायची ती माऊथपीस बदला, आवाज लगेच बदलेल. रंग बदलून बदलायचा नाही. सोनेरी, चांदीचा मुलामा दिलेला, काळा, उघडा, सगळे मी वाजवलेत. शेवटी म्हटलं, ‘‘भाऊजी, माणसाने कुठला सदरा घातलाय, त्यावर त्याचा आवाज ठरतो का?’’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘अंगात नवा सदरा असला की माणूस वेगळं बोलतोच की.’’ आमची ही मागून म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. (हिला त्यांची बाजू घ्यायचं काही कारण नव्हतं. माझा नवा सदरा आणायचा राहिलाय, एवढंच.)

पाचव्या दिवशी त्यांनी परीक्षा ठरवली. परीक्षक तीन: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, शेजारच्या दुकानातले टेलर आणि आमची ही. तिघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. वाजवणार भाऊजी, कारण त्यांच्या मते माझी फुंकच पूर्वग्रहदूषित आहे. हातात कुठला बाजा आहे हे वाजवणाऱ्यालाही कळू नये म्हणून मी त्यांच्या डोळ्यांना मफलर बांधला, आणि दुकानातले तीन सॅक्सोफोन, एक सोनेरी, एक चांदीचा आणि एक उघड्या पितळेचा, आलटूनपालटून त्यांच्या हातात दिले. (वाजवले त्यांनी सगळे वरचेच सूर, खालच्यांच्या वाटेला गेलेच नाहीत.) पहिल्याच खेपेला ते म्हणाले, ‘‘हा उघडा!’’ मी चाटच पडलो. मग कळलं, त्यांनी वास घेतला होता. पितळेला वास येतो ना. म्हणून नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. मफलर, चिमटा आणि तोंडात सॅक्सोफोन अशा अवतारात तुझा नवरा माझ्या दुकानात तासभर उभा होता, आणि काचेबाहेर सात माणसं जमली होती. त्यातलं एकही आत येऊन काही दुरुस्तीला देऊन गेलं नाही.

निकाल ऐक. दातांच्या डॉक्टरांना पहिला आवाज उबदार वाटला, दुसरा थंड, तिसरा गोलसर. चौथ्या खेपेला मी पुन्हा पहिलाच बाजा दिला, तर तो त्यांना ‘जरा किडका’ वाटला. टेलर म्हणाले की एकात अस्तर आहे आणि दोघांत नाही, पण कुठल्या एकात ते दर वेळी बदलत गेलं. ही म्हणाली, जो आधी संपला तो चांगला. मला वाटलं, सुटलो! यापुढे काय पुरावा हवा? तर भाऊजी नाकावरचा चिमटा काढून म्हणाले, ‘‘यावरून एवढंच सिद्ध झालं की या तिघांना ऐकता येत नाही.’’ डॉक्टर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. माझी एक दाढ अर्धी भरायची राहिली आहे.

अशी नऊ दिवस जुंपली होती. मी नऊ दिवस नाही म्हणालो. माझी कामं पडून राहिली. शाळेच्या बँडची दोन ट्रॉम्बोन्स नळी वाकडी अशीच खुंटीला टांगलेली, आणि तिथले सर रोज येऊन माझ्याऐवजी भाऊजींशीच चर्चा करून परत जायचे.

मग नवव्या दिवशी संध्याकाळी मी दुकान आवरत होतो. भाऊजी स्टुलावर बसले होते, पहिल्यांदाच काही न बोलता. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, ‘‘दोष झिलईचा नाही म्हणतोस ना? मग माझी छातीच गेली म्हणायची.’’ मग हळूहळू सगळं निघालं. वर्ष दीड वर्ष झालं, त्यांच्या बाजाचे खालचे सूर लागेनात. जोर लावला तरी नुसती हवा येते. बँडमास्तरांनी त्यांना पुढच्या रांगेतून मागे बसवलं. त्यांचा म्हणून दरवर्षीच्या कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा एक तुकडा असतो, तो या वेळी दुसऱ्याला दिला. हे तुला त्यांनी सांगितलेलं नाही. ‘‘तुझ्या ताईला वाटतं, मी अजून पुढेच बसतो,’’ म्हणाले. रोज पहाटे उठून श्वास रोखून धरायचे, आकडे मोजायचे, आणि दर आठवड्याला आकडा कमी भरतोय असं त्यांना वाटायचं. डॉक्टरकडे जायची भीती वाटली, म्हणून माझ्याकडे आले.

ताई, मी एकतीस वर्षं एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलोय. पण त्या स्टुलावर बसलेल्या माणसाला ती पुन्हा सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, उद्या काढतो झिलई.

दुसऱ्या दिवशी त्यांना हिच्याबरोबर बाजारात पिटाळलं आणि बाजा उघडला. सगळ्या चाव्या, स्प्रिंगा, स्क्रू काढून ठेवले, द्रावण लावलं, धुतलं, पुसलं. गुळगुळीत सोन्यासारखं होतं ते, आता जुन्या घंगाळासारखं दिसायला लागलं. माझ्या हाताने इतकं मूर्खपणाचं काम कधी झालं नव्हतं. चाव्यांखालची भोकं झाकणारे दोन पॅड गळत होते, ते बदलले. बाराव्या दिवशी दुपारी जोडून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी सगळ्यात खालचा सूर लावला. ताई, कपाटाच्या काचा थरथरल्या. वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या खुर्चीतलं पेशंट ओरडलं (असं टेलर म्हणतात). भाऊजींनी बाजा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. मग पुन्हा वाजवला, अर्धा तास, थांबायचं नावच नाही. मग डोळे कोरडे झाले आणि बोलायला लागले. ‘‘काय मेहुणेबुवा? श्वास घेतला की नाही पितळाने?’’ मी म्हटलं, पॅडही बदललेत. ‘‘पॅड!’’ असं म्हणून ते जे हसले, ते मला अजून ऐकू येतंय. टेलरला सांगितलं, ट्रॉम्बोनवाल्या सरांना सांगितलं, प्रोफेसरला दुकानातूनच फोन लावून सांगितलं की एकतीस वर्षं हट्ट धरून बसलेला मेहुणा आज शरण आला. मी तिथेच उभा होतो, स्क्रू ड्रायव्हर हातात धरून. काही बोललो नाही.

एवढंच. गुडघ्याला शेक देत जा. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. ताई, मी का बोललो नाही ते आता लिहितो. झिलई काढण्याआधी, चाव्या उतरवल्यावर, मी नळीत दिवा धरला. नऊ दिवसांत पहिल्यांदा. (नऊ दिवस बाहेरच्या रंगावरून भांडलो, आत डोकवायचं मला सुचलं नाही, हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस.) तर खालच्या वळणात काहीतरी राखाडी दिसलं. आकड्याने ओढून काढलं. लोकरीचा मोजा. टाचेजवळ ती दुहेरी वीण, जी तुझ्याशिवाय मी कुणाच्या हातची पाहिलेली नाही. चुकून पडला असेल, असं मी मनाला सांगून पाहिलं. पण चुकून पडलेला मोजा स्वतःला गुंडाळून वर सुतळी बांधून घेत नाही.

सुतळीचं दुसरं टोक तुटलेलं होतं. म्हणजे तू तो पुन्हा काढायला गेली होतीस. तुझ्या सासूबाई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हाचं असेल हे. तेव्हा तुला दोन तास झोप मिळत नव्हती, आणि हे पहाटे उठून वाजवायचे. मी तुला बोल लावत नाही. पण दीड वर्ष तो माणूस आपली छाती गेली म्हणून मनातल्या मनात आवराआवर करत होता, हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. बाजारातून ते परत यायच्या आत मोजा माझ्या खणात गेला आणि मी द्रावणाची बाटली उघडली. श्रेय झिलई उतरवण्याकडेच राहू दे. मी जाहीरपणे हरलोय, तू फक्त ‘आवाज किती मोकळा झाला हो’ एवढं म्हण. आणि यापुढे त्रास झाला तर तोंडाने सांग. ऐकतील. न ऐकतील तर मला लिही.

ता. क. २. माझं खरं काम विसरत होतो. प्रोफेसरसकट बँडमधले सहाजण येत्या सोमवारी आपापले बाजे घेऊन माझ्याकडे झिलई उतरवायला निघालेत. त्यातले चार बाजे पार नवे आहेत. काहीही कर, पण त्यांना तिथेच थांबव. मी आजारी आहे म्हण, दुकान विकलं म्हण. आणि त्यांच्यापैकी कुणाच्या बायकोने तुझ्याकडून काही विणून घेतलं असेल, तर तेवढं मला गुपचूप आधीच कळव.

ता. क. ३. हे पत्र हिने वाचलं. तिने खणातून मोजा काढून हातात घेऊन बराच वेळ पाहिला, आणि विचारतेय की वन्संकडे याच्या जोडीचा दुसरा असेल तर पाठवतील का. मी म्हटलं, एवढा मोठा मोजा तुझ्या पायाला कसा होईल? तर म्हणाली, पायासाठी नकोय.