केळीच्या तंतूंचा नमुना वाळवू नये, याबाबत

दिनांक : १९ फेब्रुवारी २००८
निशी-कसाई, टोकियो

प्रति,
मा. संचालक,
केळी-तंतू संशोधन केंद्र,
तांदूळखेडे, जि. जळगाव.

विषय : अध्ययन रजेस पाच महिने मुदतवाढ मिळणे व नमुन्याबाबत तिसरा खुलासा.

संदर्भ : आपले दि. ४ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

मी आपल्या केंद्रात सहायक संशोधन अधिकारी असून एप्रिल २००६ पासून अध्ययन रजेवर आहे. येथील विद्यापीठात केळीच्या खोडापासून अतिसूक्ष्म तंतू, म्हणजे नॅनोसेल्युलोज, तयार करण्याच्या रीती तपासते. रजा ३१ मार्चला संपते. आपण कळवले आहे की, नमुना स्वीकारला गेल्याशिवाय मुदतवाढीचा विचार होणार नाही. म्हणून नमुन्याचे काय झाले ते क्रमाने मांडते.

१. दोन रीती तपासल्या. आम्लाची रीत जलद आहे, पण नंतर धुण्यास अमाप पाणी लागते आणि ते आम्लयुक्त पाणी आपल्या ओढ्यात सोडता येणार नाही. दुसरी रीत दगडी चक्कीची. खोडाचे तंतू अल्कलीत शिजवायचे, विरंजन करायचे आणि पाण्यासह दोन दगडांमधून पुन्हा पुन्हा दळायचे. शेवटी खळीसारखा पांढरा लगदा मिळतो. त्यात शंभर भागांत दोन भाग तंतू, बाकी पाणी. सध्या पंधरा वेळा दळावे लागते. एवढी वीज केंद्राला परवडणार नाही. दळणे पाच वेळांवर आणण्यासाठी हे पाच महिने हवे आहेत.

२. हा लगदा कधीही वाळू द्यायचा नसतो. वाळला की तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा पाण्यात सुटत नाहीत. पहिला नमुना, ५०० ग्रॅम, मी जुलैत टपालाने पाठवला. ऑगस्टमध्ये भांडारपाल श्री. नंदकिशोर चौधरी यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पार ओला आला होता हो! गच्चीवर तीन दिवस कडक वाळवला. तुम्ही बिनघोर राहा." त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे तंतू काढल्याबरोबर तारेवर वाळत घालतात, मीही सात वर्षे तेच केले. शिवाय आवक नोंदवहीत 'शुष्क वजन' हा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवता येत नाही. वाळलेला तुकडा 'नमुना प्लास्टिकसदृश' या शेऱ्यासह मला परत आला. प्रयोगशाळेचे प्रमुख ओगावा-सान यांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि "मोत्ताइनाइ" म्हणजे "वाया गेले" एवढेच म्हणाले.

३. दुसरा नमुना नोव्हेंबरमध्ये भारतात येणाऱ्या शेजारच्या सौ. जयंती यांच्या सामानातून पाठवला. बरणीवर मराठीत 'वाळवू नये' असे लिहिले होते. श्री. चौधरी यांनी सूचना तंतोतंत पाळली. वाळवला नाही; श्रीखंडाच्या चक्क्यासारखा फडक्यात बांधून खुंटीला टांगला. "वाळवू नका म्हणालात, निथळवू नका नाही म्हणालात," हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पाचव्या दिवशी फडके तुकड्यापासून सुटेना, म्हणून दोन्ही एकत्र नोंदले गेले.

४. जानेवारीत पाठवलेला तिसरा नमुना उघडलाच गेला नाही. संदर्भातील पत्रात आपला आक्षेप असा की, बरणीवरील चिठ्ठीनुसार ५०० ग्रॅमपैकी ४९० ग्रॅम पाणी आहे, ते पाणी जपानचे की केंद्राचे याचा खुलासा व्हावा. खुलासा : पाणी जपानचे आहे. तंतू केंद्राच्या विहिरीमागील केळींचे आहेत.

५. त्याच पत्रात 'अर्जदार पतीसमवेत परदेशी वास्तव्यास असून संशोधन हे निमित्त दिसते' असे म्हटले आहे. माझे पती सौमित्र कावासाकीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. ते गेल्या ऑक्टोबरात पुण्याला परतले. मुलगी नुपूर त्यांच्यासोबत आहे. ती सहा वर्षांची आहे आणि फोनवर अजून जपानीतच बोलते. दर रविवारी विचारते, "इत्सु काएरु नो?" म्हणजे कधी येणार. तिला द्यायचे उत्तर आपल्या आदेशावर अवलंबून आहे, म्हणून हा मजकूर शासकीय पत्रात घालावा लागत आहे.

६. घर सोडायचे तर घरमालकाला एक महिना आधी कळवावे लागते. त्यासाठी २९ फेब्रुवारी ही शेवटची तारीख आहे. तोपर्यंत मंजुरी मिळावी, ही विनंती. नामंजुरी असल्यास तीही लेखी मिळावी. मी १ एप्रिलला हजर होईन, पंधरा वेळा दळण्याची रीत सादर करीन आणि ती परवडत नाही असा शेराही मीच लिहीन. परंतु 'नमुना आल्यावर विचार करू' असे चौथ्यांदा कळवू नये.

शिजवलेल्या तंतूंच्या सहा बरण्या शीतकपाटात आहेत. दर शनिवारी मी त्यांचे पाणी बदलते, नाहीतर तंतू कुजतात. मंजुरी आली तर सोमवारी दळायला घेईन. नामंजुरी आली तर पाणी बदलणे थांबवीन. काहीच आले नाही तर येत्या शनिवारी काय करावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

अद्याप आपल्याच आस्थापनेवरील,

(सही)
दमयंती सौमित्र भंगाळे
सहायक संशोधन अधिकारी

सोबत :
१) ओगावा-सान यांचे शिफारसपत्र, मराठी भाषांतरासह.
२) नमुना क्र. १, केंद्राने परत केलेला.
३) घर सोडण्याच्या सूचनेची प्रत, सही न केलेली.