यांना कसलं एवढं समाधान

४ डिसेंबर १९९६, बुधवार
आजही चिडले नाहीत! धनूनं कॉम्प्युटर क्लासचं परत काढलं. मागच्या वर्षी याच विषयावरून यांनी रेडिओ आपटला होता. आज ऐकून हसले. "बरं शे." पोरगी उड्या मारत स्वयंपाकघरात, शाळेतल्या गुजरातीत – "मम्मी, पप्पाए हा पाडी! हो म्हणाले!"
बावीस वर्षं या माणसाशी संसार केला. काहीतरी आहे.

६ डिसेंबर
खिसे तपासले. बसचं तिकीट, सुपारी, तपकिरीची डबी. लाज वाटली. उद्या परत बघणार.

९ डिसेंबर
मधल्या सुट्टीत गायत्रीबाईंनी मासिकातला लेख वाचून दाखवला. अपेक्षा कमी करा, साधं जगा, मन शांत होतं वगैरे. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे तर घरातच साधू आहे. काशिनाथभाऊ हल्ली कसे शांत दिसतात!" सगळ्या शिक्षिका हसल्या. मी चौथीच्या वह्या तपासत बसले.
माझा नाही विश्वास या शांततेवर. कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात बारा तास उभं राहून आलेला माणूस असा शांत होतो होय? सुट्टीच्या दिवशी उंबऱ्यात बसून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघतात, तासन्‌तास. रेडिओला हात लावत नाहीत. सकाळच्या बातम्यांशिवाय चहा न पिणारा माणूस!
आणि एक. मी बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे बघतात. टक लावून. तरुणपणीसुद्धा कधी बघितलं नाही असं. काल आरशासमोर उभी राहिले. बघण्यासारखं काय उरलंय?

११ डिसेंबर
शेजारच्या सरस्वतीला सहज बोलून गेले. ती म्हणते, "ताई, माझा नवरा असा गोड झाला होता ना, तेव्हा उधन्यात त्याची दुसरी खोली निघाली, बाईसकट. तुम्ही मास्तरीणबाई, पुस्तकंच वाचा!"
उगाच बोलले.

१५ डिसेंबर, रविवार
सांगून टाकलं.
कोणाला न सांगितलेलं इथेही कधी लिहिलं नव्हतं. लिहिते.
दोन वर्षांपूर्वीचे प्लेगचे दिवस. सगळी गल्ली रिकामी होत होती. हे तिकडे सचिन गावी खात्यात अडकलेले, मशिनी सांभाळायला. सासूबाईंना ताप. मी यांना नंतर सांगितलं – आईच म्हणाल्या, पोरीला घेऊन जा, माझी काळजी करू नको. यांनी ते सगळ्या भावकीत सांगितलं. माझी आई शेवटपर्यंत नातीचा विचार करत होती म्हणून.
खोटं. त्यांनी माझा पदर धरला होता. "माले एकली सोडू नको वं." मी त्यांच्या मुठीतून पदर सोडवला. भुसावळ पॅसेंजरला धनूला खिडकीतून आत ढकललं. अमळनेरला माहेरी पोचले तेव्हा पदराला चुण्या तशाच होत्या. हे तिसऱ्या दिवशी घरी आले, तोवर सासूबाईंची वाचा गेलेली. त्यातच त्या गेल्या. साधा ताप होता म्हणे, प्लेग नव्हताच.
आज दुपारी धनू घरात नव्हती. मी भाकरी थापत होते, हे मागे पाटावर बसून लसूण सोलत होते. यांच्या तोंडाकडे बघून सांगणं मला जमलं नसतं. परातीकडे बघत सगळं सांगितलं. पदराचंसुद्धा. मागे लसणाची टरफलं निघत होती, तेवढाच आवाज.
मी वळले तेव्हा माझे डोळे भरलेले. यांनी बघितलं, उठले, डोक्यावर हात ठेवला. "बरं शे. रडू नको."
एवढंच!

१६ डिसेंबर
झोप लागली. सकाळी चहाला चव होती. आलं किती टाकलंय ते कळत होतं. वर्गात जागृतीनं फळ्यावर उलटा चार काढला तर मला हसू फुटलं.
उगाच संशय घेतला या माणसाचा. काही माणसं खरंच निवत जात असतील.

१९ डिसेंबर
मांडणीवरून पितळेचा डबा पडला. यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. शेजारची सरस्वती धावत आली. यांनी मानसुद्धा वळवली नाही.
संध्याकाळी मुद्दाम मागे उभी राहिले. म्हटलं, "धनू पळून गेली." शांत. म्हटलं, "घराला आग लागली." बुटाची नाडी बांधत होते. बांधून झाली, वळले, माझं तोंड बघितलं आणि हसले.

२० डिसेंबर
शाळेतून सरळ गोडादऱ्याला, लोटूभाऊंकडे. ते यांच्याच खात्यात कारागीर. आधी टाळाटाळ केली. मग म्हणाले, "वहिनी, आम्हाले माहीतच शे. वर्ष होत आलं. खात्यात कान वापरतंच कोण? तिथं आम्ही सगळे ओठ बघूनच बोलतो. काशिनाथ मास्टर आता मशिनीवर हात ठेवतो, थरथरीवरून बिघाड सांगतो. पण शेठनं ठेवलंय ते आवाजावरून बिघाड ओळखतो म्हणून; कळलं तर काढून टाकील. तुम्ही बोलू नका कुठं. अन त्याला तर मुळीच नका सांगू. तुमच्यासमोर त्याला लाज वाटस."
दुसरी बाई नव्हती. समाधानही नव्हतं. जे कळत नव्हतं, त्याला "बरं शे" म्हणत होते.
आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बोलले.

२१ डिसेंबर
त्यांना काहीच माहीत नाही. म्हणजे अजून सगळं तसंच ठेवता येईल. धनूला क्लास, मला झोप, त्यांना त्यांची आई.
सहा दिवस किती हलकं वाटत होतं! तो हलकेपणा खोटा होता असंही म्हणवत नाही. चहा तर खरंच चांगला लागला होता.
आज नाही लागला.

२२ डिसेंबर, रविवार
दाराशी उजेडात पाट मांडला. समोर बसले. तोंड वर ठेवून सगळं सांगितलं, पदर सोडवला ते शेवटी.
"बरं शे" म्हणाले नाहीत. माझ्या ओठांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "माले ऐकू येत नही. परत सांग. हळू."
परत सांगितलं.