रिकाम्या ओळीतलं नाव

ग्रात्स, सोमवार

प्रिय बाबा,

नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीत माझं नाव का नाही, असं तुम्ही विचारलंत. माझ्याच कचेरीतली करसल्लागार फेरेना मात्र यादीत सातवी आहे.

मी मजेत आहे. तुम्ही पाठवलेलं भोपळ्याच्या बियांचं तेल रोज खाते. फक्त फेरेनाचं हसरं पोस्टर दिसलं की रस्ता बदलते. करांमधल्या अन्यायावर तिच्यापेक्षा मी कितीतरी जास्त वाचलंय, बाबा!

पक्षाच्या आमच्या शाखाप्रमुख हाडररबाई म्हणाल्या, “अगं माग्दा, तू न्यायावर भाषणं देतेस. ती म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचे कराचे अर्ज भरते. लोक कुणाला ओळखणार?” चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नका.

फेरेनाला सातव्या क्रमांकावरून निवडून यायचं तर बऱ्याच मतदारांनी मतपत्रिकेवर तिचं नाव स्वतः लिहायला हवं. काल मतदान केंद्रात पडद्याआड मी बराच वेळ पेन धरून उभी होते. जळफळाट अजून गेलेला नाही. पण पक्षापुढे खूण केली आणि शेजारच्या रिकाम्या ओळीत, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात, फेरेनाचं नाव लिहिलं.

तुमची लेक,
माग्दा