विवाह न ठरताही नाव कमी करणेबाबत

प्रति,
मा. कार्यवाह श्री. दिनकरराव पोतनीस,
दक्षिणी परिवार मंडळ, वधू-वर सूचक विभाग,
खासगी बाजार, लश्कर, ग्वाल्हेर.

अर्जदार: कु. हेमांगी अभिराम सप्रे, टोपी बाजार, लश्कर.

विषय: मंडळाच्या वेबसाइटवरून अर्जदाराचे नाव, तिचा विवाह ठरलेला नसतानाही, कमी करणेबाबत.

संदर्भ: आपण फोनवर दिलेली सूचना, की तोंडी काही चालणार नाही, लेखी दे.

महोदय,

सविनय निवेदन की, सदर अर्जदार वेबसाइट बनवण्याचे काम स्वतंत्रपणे, म्हणजे कोणाच्या नोकरीत न राहता, करते. हे वाक्य तिने मुद्दाम आधी लिहिले आहे, पुढे लागणार आहे. मंडळाच्या नियमाप्रमाणे अर्ज मराठीतच हवा. अर्जदाराचे शिक्षण हिंदीत झाले आणि भांडणही हिंदीतच जमते, तेव्हा भाषेत काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. राग मात्र जेवढा दिसेल तेवढा खराच समजावा.

१. मंडळाची वेबसाइट अर्जदाराने बनवली. भरलेले पान कसे दिसेल हे आधी दाखवावे लागते, म्हणून त्यात कोणतेतरी खोटे नाव नि फोटो घालतात, अशी या धंद्याची रीत आहे. अर्जदाराने कोण्या परदेशी बाईचा फोटो घातला आणि नावाच्या जागी ‘अ ब क’ लिहिले. त्यावर विभागप्रमुख शालिनीताईंनी हरकत घेतली, की ही आपल्यातली वाटत नाही, हिला पाहून कोण नाव नोंदवणार. अर्जदार कंटाळली होती. तिने स्वतःचाच फोटो, नाव, जन्मतारीख, उंची असे खरेखुरे सगळे घालून दिले आणि वर ठळक ‘नमुना’ असे लिहिले. सभेने ते पान एकमताने पसंत केले. तिथेच अर्जदाराने सावध व्हायला हवे होते.

२. दसऱ्याला शुभारंभ झाला. अर्जदाराच्याच लॅपटॉपला हळद-कुंकू वाहून नारळ फोडला. त्याचे पाणी कीबोर्डमध्ये गेले, त्याबद्दल तिची तक्रार नाही, असे ती मोठ्या मनाने नमूद करते. परंतु शुभकार्याला पाटी कोरी नको, एक तरी नाव हवे, असे आपल्याला वाटले, आणि आपण ‘नमुना’ हा शब्द खोडून अर्जदाराचे पान सगळ्यांना खुले केलेत. भोपळा फुटला म्हणून टाळ्या पडल्या. अर्जदारानेही वाजवल्या. ती प्रसादाच्या रांगेत मागे असल्यामुळे, तो कोणाच्या नावाने फुटला हे तिला दिसले नाही.

३. दुसऱ्या दिवसापासून स्थळांचे फोन सुरू झाले. तोवर अर्जदाराच्या हातात काही उरले नव्हते. काम संपले की सगळ्या किल्ल्या मालकाला देऊन आपण बाजूला व्हायचे, ही तिची शिस्त. पासवर्ड लगेच बदला, हेही तिनेच सांगितले होते. मंडळाने तिचा मानलेला तो एकमेव सल्ला. आता नाव कमी करण्यासाठी पानावर एक बटण आहे. ते दाबले की कारण विचारले जाते, आणि कारण एकच आहे: ‘विवाह ठरला’. मग वराचे नाव भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि भरले की सगळ्या सभासदांना अभिनंदनाचा संदेश जातो. ‘इतर’ असे दुसरे कारण अर्जदाराने ठेवले होते. इतर म्हणजे काय, लोक नसत्या शंका घेतील, म्हणून सभेने ते काढायला लावले, आणि तिने काढले. स्वतः लावलेल्या कुलपात स्वतःच अडकण्याचा मान लश्करात बहुधा तिलाच मिळाला असावा.

पान सरळ पुसूनही टाकता येते. ते आपल्याला ठाऊक आहे, अर्जदारानेच शिकवले आहे. पण नियमात नाही ते आपण करत नाही. उलट आपण तोडगा सुचवलात, “अगं, सध्या कोणाचंही नाव टाक. नमुना म्हणून.” त्यावर अर्जदाराने फोन ठेवला. तो उद्धटपणा वाटला असल्यास क्षमस्व.

४. पाहुणे येतात तेही भर दुपारी, कामाच्या वेळी. त्याचे कारण त्याच पानावर आहे. व्यवसायाचा रकाना अर्जदाराने रिकामा ठेवला होता. शालिनीताईंनी आपुलकीने तो भरला: ‘घरीच असते. कॉम्प्युटरची आवड आहे.’

थाटीपुरहून सुश्रुत नावाच्या मुलाचे आईवडील आणि आत्या न कळवता आल्या, तेव्हा अर्जदार पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉलवर त्यांच्या दवाखान्याचे नवे पान दाखवत होती. काम मिळणार की नाही, ते त्याच बैठकीत ठरायचे होते. आत्या पोह्यांची बशी घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या आणि डॉक्टरीणबाईंना नमस्कार करून विचारू लागल्या, तुम्ही मुलीच्या कोण? अर्जदाराने हातानेच थांबा म्हटले. मुलाच्या आईने तिचीच समजूत घातली, “घरीच तर असतेस नं बेटा, नंतर बोलून घे. कुठे ऑफिस सुटतंय.” डॉक्टरीणबाईंनी, तुमचं घरचं आटपून घ्या, असे म्हणून निरोप घेतला. पुढे काम दुसरीकडे दिल्याचे कळले. मंडळींनी निघताना देवापुढे नारळ ठेवला. सुश्रुतच्या वडिलांनी तर, फोन फार हळू चालतो म्हणून, तो अर्जदाराकडून ठीक करून घेतला.

५. हेही सोसले असते. त्या संध्याकाळी अर्जदाराने आईला ते पान दाखवले आणि म्हणाली, बघ काय लिहून ठेवलंय. आईने चष्मा लावून दोनदा वाचले. “फोटो छान आलाय गं,” ती म्हणाली. “चूक कुठे आहे?”

आई ज्या दवाखान्याची वेळ मोबाइलवर पाहते त्याचे पान अर्जदाराने केले आहे. ती जिथून भाजणी मागवते तेही. दोन्ही त्याच खोलीत झाली, जिच्या दाराशी आई रोज चहा आणून देते. अर्जदाराला फार वाईट वाटले. अर्जात असे लिहिण्याची रीत नाही, तरी लिहिले आहे.

सबब विनंती की, अर्जदाराचे नाव कमी करावे आणि ‘इतर’ हे कारण पुन्हा जोडावे. जोडण्याचे काम ती स्वतः करून देईल. हे नियमात बसत नसेल, तर नाव राहू द्यावे. फोटोही राहू द्यावा, आईला आवडला आहे. येणाऱ्याला पोहेही मिळतील. फक्त व्यवसायाच्या रकान्यातली ती ओळ खोडून तिथे एवढेच लिहावे: ‘वेबसाइट बनवते. ही तिनेच बनवली आहे.’ याला सभा लागत नाही. आणि लिहून झाले की ते पान एकदा अर्जदाराच्या आईला आपण स्वतः वाचून दाखवावे. आपले ती ऐकते.

फोन करायचा झाल्यास संध्याकाळी सातनंतर करावा. त्याआधी अर्जदार कामावर असते.

आपली, अजून तरी नम्र,
हेमांगी अभिराम सप्रे

ग्वाल्हेर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत: थाटीपुरच्या मंडळींचा नारळ, साभार परत. कृपया पोचवावा.